‘एनिग्मा’ पिक्चर उत्तम आहे, पण गद्दार पोलिश का?

कोडब्रेकिंगवरचा पिक्चर म्हटलं की हल्ली सगळे ‘द इमिटेशन गेम’चं नाव घेतात, ऑस्कर मिळालंय, कंबरबॅच आहे, साहजिक आहे. पण त्याच्या तेरा वर्षं आधी, २००१ मध्ये, ‘एनिग्मा’ नावाचा पिक्चर आला होता आणि ब्लेचली पार्कमध्ये, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जिथे शत्रूचे गुप्त संदेश फोडायचे तिथे, माणसं नेमकं काय काम करायची हे त्याच्याइतकं नीट दुसऱ्या कुठल्याच कथापटानं दाखवलेलं नाही असं माझं ठाम मत आहे. आणि त्याच पिक्चरनं एका देशावर जो अन्याय केलाय तोही दुसऱ्या कुठल्या पिक्चरनं केला नसेल. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मी वाचलेल्या बहुतेक परीक्षणांमध्ये पहिलीबद्दल अर्धवट लिहिलंय आणि दुसरीला एखादी ओळ मिळालीये, ती पण शेवटी. म्हणून हे लिहितोय.

पिक्चर बघायचा असेल तर आधी बघून या, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही.

तर टीम तगडी होती. दिग्दर्शक मायकल ॲप्टेड, पटकथा टॉम स्टॉपर्डची, मूळ कादंबरी रॉबर्ट हॅरिसची, संगीत जॉन बॅरीचं (हे त्याचं शेवटचं चित्रपटसंगीत), निर्मात्यांमध्ये चक्क रोलिंग स्टोन्सवाला मिक जॅगर, आणि पिक्चरमध्ये दिसणारं एनिग्मा मशीन (जर्मन ज्यावर आपले संदेश गुप्त करायचे ते यंत्र) पण त्याच्याच मालकीचं, खरं. कलाकार म्हणजे डूग्रे स्कॉट, केट विन्स्लेट, सॅफ्रन बरोज, जेरेमी नॉर्थम. कथा मार्च १९४३ ची. टॉम जेरिको हा गणिती मानसिक दृष्ट्या कोलमडून गेलेला असतो, त्याला परत बोलावतात कारण जर्मन पाणबुड्यांचा कोड, ज्याला ब्रिटिश ‘शार्क’ म्हणायचे, तो अचानक वाचता येईनासा होतो, आणि त्याच वेळी ज्या मुलीवर त्याचा जीव असतो ती गायब होते.

परीक्षणं साधारण बरी आली. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टला आवडला, आणखीही बऱ्याच जणांनी अक्कल शाबूत ठेवून केलेला पिक्चर म्हणून कौतुक केलं, विन्स्लेट आणि नॉर्थम दोघांची तर जवळपास सगळीकडे स्तुती. तक्रारी काय होत्या, तर संथ आहे, फ्लॅशबॅक फार आहेत, नायक सतत पडलेल्या चेहऱ्यानं फिरतो, कोड कसा फुटतो ते डोक्यावरून जातं, आणि एकूण जुन्या धाटणीचा आहे. यातली नायकाबद्दलची तक्रार मला मान्य आहे, स्कॉटकडे त्या भूमिकेला लागणारी धग नाही. पण ‘डोक्यावरून जातं’ ही तक्रार मात्र मला अजिबात पटत नाही, कारण जे डोक्यावरून जातं म्हणतायत तोच या पिक्चरचा जीव आहे, आणि थोडं थांबून समजून घेतलं तर ते इतकं थरारक आहे की बंदुका आणि पाठलाग फिके पडावेत.

बघा, मार्च १९४३ मध्ये खरंच काय झालं होतं. अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांनी १ फेब्रुवारी १९४२ पासून तीनऐवजी चार चाकांचं (आत फिरून अक्षरं बदलणारी चाकं) एनिग्मा वापरायला सुरुवात केली आणि ब्रिटिश जवळजवळ दहा महिने आंधळे झाले. मग ३० ऑक्टोबर १९४२ ला भूमध्य समुद्रात यू-५५९ ही पाणबुडी बुडत असताना टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर हे दोन ब्रिटिश नौसैनिक तिच्यात शिरले, कोडबुकं वर दिली आणि पाणबुडीबरोबर स्वतः बुडाले. टॉमी ब्राऊन म्हणून त्यांच्याच जहाजावरचा कॅन्टीनमध्ये काम करणारा १६ वर्षांचा पोरगा होता, ती पुस्तकं घेऊन तो वाचला. त्या पुस्तकांपैकी एक होतं हवामानाचे छोटे संदेश पाठवायचं. पाणबुडी हवामान कळवायची, जर्मन किनाऱ्यावरून तेच हवामान दुसऱ्या एका कोडमध्ये सगळ्या नौदलासाठी परत प्रसारित करायचे, तो दुसरा कोड ब्रिटिशांनी आधीच फोडलेला होता, म्हणजे मूळ संदेशात काय असणार याचा अंदाज त्यांना आधीच असायचा. अशा अंदाज केलेल्या मजकुराला ते ‘क्रिब’ म्हणायचे. क्रिब मिळाली की ‘बॉम्ब’ नावाच्या यंत्रांवर त्या दिवसाची सेटिंग शोधायची, ती यंत्रं चालवायला नौदलातल्या मुली, तिन्ही पाळ्यांत.

आणि १० मार्च १९४३ ला जर्मनांनी हे हवामानाचं कोडबुकच बदललं. क्रिब संपल्या. नेमक्या त्याच आठवड्यात अमेरिकेहून मालवाहू जहाजांचे मोठे काफिले निघालेले. पिक्चरमध्ये यावर जो उपाय निघतो तो ऐकून मला पहिल्यांदा काटा आला होता: पाणबुडीला काफिला दिसला की ती ठरलेल्या छोट्या साच्यात ‘दिसला’ असा संदेश पाठवणार, काफिला कुठे आहे हे ब्रिटिशांना माहितीच आहे, म्हणजे त्या संदेशात काय लिहिलं असेल ते ओळखता येईल, म्हणजे क्रिब मिळेल, पण त्यासाठी पाणबुड्यांना काफिला सापडायला हवा. जितक्या जास्त पाणबुड्या येतील तितके जास्त संदेश. म्हणजे खोलीत बसलेली माणसं समोरच्या नकाशावर जहाजांना वेढा पडायची वाट बघतायत, आणि त्यांना ती वाट बघावीच लागतेय. त्या खोलीत कोणी मोठं भाषण करत नाही, आणि तेच बरोबर आहे. याचा तांत्रिक पाया खरा आहे बरं का, त्या छोट्या संदेशांच्या जोरावरच शार्क दहाएक दिवसांत परत वाचता येऊ लागला. आणि एचएक्स-२२९ आणि एससी-१२२ या दोन काफिल्यांची त्या मार्चमध्ये २२ जहाजं बुडाली हेही खरं. पुढे जे खलाशी मेले त्यांचा हिशोब आणि ब्लेचलीतल्या कागदांचा हिशोब एकाच दृश्यात समोरासमोर ठेवणं, हे या पिक्चरनं केलं. ‘इमिटेशन गेम’मध्ये असाच पेच आणायला एका सहकाऱ्याचा भाऊ त्या जहाजावर असल्याचं खोटंच घुसडलंय, इथे तशी गरजच पडली नाही.

अजून एक गोष्ट, बायकांची. ब्लेचलीत शेवटी शेवटी नऊ-दहा हजार माणसं काम करत होती आणि त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश बायका होत्या. विन्स्लेटची हेस्टर ही हुशार आहे, जाड चष्मा लावते, आणि तिला नुसतं कागद लावायच्या कामावर बसवलंय, त्याचा तिला राग आहे आणि तो राग तिच्या प्रत्येक वाक्यात ऐकू येतो. विन्स्लेटला या भूमिकेसाठी मार्गदर्शन केलं ते मेव्हिस बेटी यांनी, लग्नाआधीच्या मेव्हिस लीव्हर. त्यांची एक गोष्ट सांगतोच, कारण ती मला फार आवडते. एनिग्मा मशीनचा एक नियम असा की कुठलंही अक्षर कधीच स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नाही, म्हणजे ए दाबलं तर ए सोडून काहीही येईल. एकदा विशीच्या आतबाहेरच्या या पोरीसमोर इटालियन नौदलाचा एक लांबलचक संदेश आला आणि तिच्या लक्षात आलं की अख्ख्या संदेशात एल हे अक्षर एकदाही नाहीये. तिनं ताडलं की पलीकडच्या आळशी ऑपरेटरला चाचणीचा संदेश पाठवायला सांगितलं असणार आणि तो पठ्ठ्या नुसता एलचं बटण दाबत बसला असणार! त्यावरून त्या मशीनच्या चाकाची जोडणी निघाली. पुढे मार्च १९४१ मध्ये मातापानच्या लढाईत इटालियन आरमाराचं जे कंबरडं मोडलं त्यामागे मेव्हिसच्या टीमनं फोडलेले संदेश होते. अशा बाईकडून शिकून केलेली भूमिका आहे ही, आणि दिसतं ते.

आता दुसरी बाजू.

पिक्चरचं रहस्य असं की ब्लेचलीत एक गद्दार आहे आणि तो एनिग्मा फुटल्याची बातमी जर्मनांना द्यायला निघालाय. तो गद्दार निघतो पुकोव्स्की, सगळे त्याला पक म्हणतात, पोलिश. का करतो तो हे? कारण त्याला कळतं की कॅटिनच्या जंगलात रशियनांनी पोलिश अधिकाऱ्यांना मारून पुरलंय, त्यात त्याच्या घरचं माणूस आहे, आणि ब्रिटिश सरकारला हे माहीत असूनही स्टालिन दुखावू नये म्हणून ते गप्प बसलंय.

कॅटिन ही कल्पना नाही. १९४० च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी जवळपास २२ हजार पोलिश अधिकारी, पोलीस, डॉक्टर, वकील, शिक्षक असे लोक गोळ्या घालून मारले. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी त्या कबरी सापडल्याचं जाहीर केलं, रशियानं उलट जर्मनांवर ढकललं, आणि ब्रिटिश सरकारनं तोंड बंद ठेवलं. लंडनला आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारजवळचे ब्रिटिश राजदूत ओवेन ओ’मॅली यांनी मे १९४३ मध्येच अहवाल दिला होता की सगळा पुरावा रशियाकडे बोट दाखवतोय, तो मोजक्या लोकांत फिरला आणि दाबला गेला. रशियानं कबूल केलं ते १९९० मध्ये. एका व्यावसायिक थ्रिलरनं कॅटिनला कथेच्या मध्यभागी आणलं ही हिंमतीची गोष्ट आहे, आणि नॉर्थमनं केलेला तो गोडबोल्या गुप्तहेर विग्रम हे सगळं किती सहज पचवतो ते बघून ब्रिटिश प्रेक्षकाला स्वतःच्या सरकारची लाज वाटावी अशीच रचना आहे. हे श्रेय मी पिक्चरला पूर्ण देतो.

पण मग ब्लेचलीत काम करणारा एकमेव पोलिश माणूस आणि तोच गद्दार. पोलिश लोक भडकले आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं.

कारण एनिग्मा मुळात फोडलं कोणी? पोलंडनं. मारियन रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की, पोझनान विद्यापीठात गणित शिकलेले तीन तरुण. रेयेव्स्कीनं डिसेंबर १९३२ मध्ये जर्मन सैन्याच्या एनिग्माच्या चाकांची आतली जोडणी नुसत्या समीकरणांनी शोधून काढली, फ्रेंच हेरांनी मिळवलेल्या थोड्या कागदांची मदत होती, पण मशीन न बघता! युद्ध सुरू व्हायच्या पाच आठवडे आधी, जुलै १९३९ मध्ये, वॉर्सॉजवळच्या पिरी गावात त्यांनी ब्रिटिश आणि फ्रेंचांना बोलावून सगळं समोर ठेवलं, आपण बनवलेली एनिग्माची प्रतिकृती दोघांनाही देऊ केली. बदल्यात काही मागितलं नाही. हा इतिहास पिक्चरमध्ये जवळजवळ दिसतच नाही.

आणि ब्लेचलीत खरा गद्दार कोण होता? जॉन केर्नक्रॉस. ब्रिटिश, केंब्रिजमध्ये शिकलेला, ब्लेचलीतले फोडलेले संदेश तो सोव्हिएत रशियाला पोचवत होता. म्हणजे खरा फितूर ब्रिटिश, आणि तो ज्यांना माहिती देत होता ते कॅटिन घडवणारे. पिक्चरनं हे अगदी उलटं करून ठेवलं.

इथपर्यंतचं पोलिश लोकांच्या आक्षेपांमध्ये आलेलं आहे, थोडंफार परीक्षणांमध्येही आलंय. पण ज्या गोष्टीनं मी हलून गेलो ती कुठल्याच परीक्षणात मला दिसली नाही. कथा मार्च १९४३ ची आहे ना? मग त्या मार्चमध्ये ही खरी पोलिश माणसं कुठे होती ते बघा.

पोलंड पडल्यावर ही मंडळी फ्रान्समध्ये गेली आणि तिथे लपून काम करत राहिली. रुझित्स्की जानेवारी १९४२ मध्ये जहाज बुडून गेला. उरलेल्या दोघांनी, रेयेव्स्की आणि झिगाल्स्कीनं, जानेवारी १९४३ च्या शेवटी पिरेनीज डोंगर ओलांडला, वाटेत वाटाड्यानंच त्यांना लुटलं, आणि स्पेनमध्ये उतरल्यावर पोलिसांनी पकडून तुरुंगात टाकलं. मे १९४३ पर्यंत ते आत होते. म्हणजे पिक्चरमधला पोलिश ब्लेचलीत फिरतोय त्या महिन्यात एनिग्मा खरोखर फोडणारे दोघं पोलिश स्पॅनिश तुरुंगात होते. त्यांचे वरिष्ठ, ग्विडो लांगर आणि मॅक्सिमिलियन चेंझ्की, त्याच मार्चमध्ये सीमा ओलांडताना फसवणूक होऊन जर्मनांच्या हातात पडले. जर्मनांनी त्यांची चौकशी केली. त्यांनी खरं आणि खोटं असं बेमालूम मिसळून सांगितलं की हो, युद्धाआधी काही संदेश आम्ही वाचायचो, पण नंतर तुम्ही बदल केलेत तसं ते अशक्य झालं, आणि जर्मनांनी ते मानलं. त्यांचा सहकारी अंतोनी पालुथ साखसेनहाउझेनच्या छळछावणीत मेला, एडवर्ड फोकचिन्स्की पण तिथेच. एकानंही खरं गुपित फोडलं नाही. युद्धातही एनिग्मा फुटतंय हे जर्मनांना शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणजे ज्या महिन्यात पडद्यावरचा पोलिश माणूस गुपित विकायला निघालाय त्याच महिन्यात खरे पोलिश ते गुपित जर्मनांच्या तावडीत राहून सांभाळत होते. यानंतर ‘अहो कादंबरी आहे, कल्पित आहे’ हे उत्तर मला चालत नाही. कल्पित पात्र घ्या की, हजार घ्या. पण काफिल्यांचे नंबर खरे, कोडबुक बदलल्याची तारीख खरी, कॅटिन खरं, मशीन खरं, आणि इतकं सगळं खरं मांडल्यावर जे एक मोठं खोटं ठेवलंत ते नेमकं अशा लोकांबद्दल ठेवलंत ज्यांची बाजू मांडायला तिथे दुसरं एकही पात्र नाही.

आता यात मला सगळ्यात जास्त काय खटकतं ते सांगतो. एकच वर्ष आधी, २००० मध्ये, ‘यू-५७१’ नावाचा हॉलिवूडपट आला होता, त्यात अमेरिकन नौसैनिक जर्मन पाणबुडीवरून एनिग्मा मशीन पळवतात. वस्तुस्थिती अशी की मे १९४१ मध्ये यू-११० वरून ते मिळवलं ब्रिटिश नौदलानं, एचएमएस बुलडॉग या जहाजावरच्या लोकांनी, आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. ब्रिटनमध्ये केवढा गदारोळ झाला! हाऊस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्न आला आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी हा त्या नौसैनिकांचा अपमान आहे हे मान्य केलं. बरोबरच होतं ते. फॅसन आणि ग्रेझियरसारखी माणसं बुडून मेली आणि श्रेय दुसऱ्यानं घ्यायचं, कोणालाही चीड येईल. पण मग वर्षभरात ब्रिटिशांनीच पोलिश लोकांचं श्रेय खाल्लं, वर गद्दारीचा शिक्काही मारला, तेव्हा ती चीड कुठे गेली? मी वाचलेल्या ब्रिटिश आणि अमेरिकन परीक्षणांत फ्लॅशबॅक किती आहेत यावर परिच्छेदच्या परिच्छेद आहेत. पिक्चरचं परीक्षण म्हणजे अभिनय, गती आणि कॅमेरा एवढंच असतं का? जो पिक्चर स्वतःला इतिहासाच्या इतका जवळ उभा करतो त्याला इतिहासाचा प्रश्न विचारणं हे समीक्षकाचं पहिलं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे असेल, पण पोलिश लोक मला लांबचे वाटत नाहीत. १९४३ मध्येच, म्हणजे पुन्हा तेच वर्ष, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली, जवळपास पाच हजार माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं. रशियानं त्यांना घरातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात हाकललं होतं, तिथून इराण, कराची असं करत ती इथे पोचली आणि पुढची चार-पाच वर्षं राहिली. शाळा, चर्च, दवाखाना सगळं होतं तिथे. फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासित आले, आज आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर ते हेच. महावीर गार्डनमध्ये स्मारक आहे, जाता-येता सगळे बघतात पण थांबून वाचणारे कमी. कॅटिनला ज्यांना मारलं त्यांच्या बायकापोरांनाच एप्रिल १९४० मध्ये कझाकस्तानात हाकललं गेलं होतं. म्हणजे वळिवड्याच्या त्या बरॅकींमध्ये कॅटिनच्या विधवा आणि पोरकी मुलं होती असं मानायला पुरेपूर जागा आहे, आणि आपला बाप किंवा नवरा कुठे गेला हे त्यांना रेडिओवरच्या बातम्यांमधून कळत होतं. पकचा राग काय होता हे कळायला कोल्हापूरकराला लंडनला जायची गरज नाही. आणि म्हणूनच त्या रागाला गद्दारीचं तोंड लावलेलं मला जास्त लागतं.

स्टॉपर्डबद्दल पण थोडं. हा माणूस चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिनमध्ये ज्यू घरात जन्मला, नाझींपासून पळून घरचे सिंगापूरला गेले, वडील युद्धात गेले, आणि आई मुलांना घेऊन हिंदुस्थानात आली, लहानपणीची काही वर्षं त्यानं दार्जिलिंगला काढली. म्हणजे वळिवड्यात पोलिश पोरं शिकत होती तेव्हा हाही इथेच कुठेतरी तसाच बेघर पोरगा होता. मध्य युरोपातल्या छोट्या देशांचं मोठ्या देशांनी काय केलं हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? विग्रमच्या तोंडी त्यानं जे थंड शहाणपण घातलंय ते म्हणूनच इतकं बोचतं. मूळ कादंबरीतच गद्दार पोलिश आहे, त्यानं काही तो आणला नाही, पण शेवट त्यानं पिक्चरसाठी बराच बदललाय, मग जेरिकोच्या तोंडी पिरीच्या त्या बैठकीबद्दल चार वाक्यं घालता आली असती. एका मिनिटाचं काम होतं. खूप काही बदललं असतं.

नंतर काय झालं तेही सांगतो. ब्लेचली पार्कात तिन्ही पोलिश गणितींचं स्मारक लागलं ते २००२ मध्ये. रेयेव्स्की तुरुंगातून सुटून १९४३ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनला पोचला तर त्याला ब्लेचलीत घेतलंच नाही, वेगळ्या एका पोलिश युनिटमध्ये हलक्या प्रतीचे कोड फोडायला बसवलं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तो पोलंडला परत गेला, बिद्गोश्चमध्ये कारखान्यांच्या हिशेबाचं काम करत राहिला, आपण काय केलंय याबद्दल कित्येक वर्षं कोणाशी बोलला नाही. १९८० मध्ये गेला. ब्लेचलीचं गुपित १९७४ मध्ये बाहेर आल्यामुळे निदान शेवटच्या काही वर्षांत त्याला आपलं नाव छापून आलेलं बघता आलं.

‘एनिग्मा’ बघाच, माझं मत कायम आहे, नकाशाच्या खोलीतलं ते दृश्य आणि विन्स्लेट यासाठी तरी बघा. पण त्याच्या आधी किंवा लगेच नंतर रेयेव्स्कीबद्दल वाचा. पोलंडमध्ये १९७९ मध्ये या तिघांवर ‘सेक्रेट एनिग्मी’ नावाचा पिक्चर निघाला होता, रोमान विऑनचेकनं केलेला, पण इंग्रजी सबटायटल्सची चांगली कॉपी मला अजून कुठे सापडलेली नाही. कोणाला मिळाली असेल, किंवा कोणी पोलंडमध्ये राहत असेल आणि तिथल्या लोकांना ‘एनिग्मा’बद्दल आज काय वाटतं हे ऐकलं असेल, तर नक्की कळवा.